चार मिलिमीटर

डॉक्टर पाच्छापुरेंनी आरसा माझ्या हातात दिला
आणि दोन बोटांनी भुवया वर सरकवल्या.
"इतकंच. चार मिलिमीटर. फार तर पाच."
आरशातली बाई क्षणभर
दारात पाहुणे आल्यासारखी दिसली.
मग त्यांनी बोटं काढली.

एकोणतीस वर्षं टिळकवाडीच्या पतसंस्थेत
जाळीमागं बसून नोटा मोजल्या मी.
"मॅडम, रागावलात काय?"
मराठीतून, कन्नडमधून, दोन्हीची खिचडी करून.
खानापूरकडचा एक म्हातारा तर
माझं तोंड बघून पैसे न काढताच परत गेला.
रागावले नव्हते हो.
भुवयाच तशा, ओल्या धुण्याच्या दोरीसारख्या.
आईच्याही तशाच होत्या. तिला कुणी विचारलं नाही,
ती घरात होती.

वहीत प्रश्न लिहून नेले होते.
त्या सावकाश सांगत गेल्या:
चीर केसांच्या आत, हद्दीच्या मागं, कुणाला दिसणार नाही.
केसांची हद्द मात्र थोडी मागं सरकेल.
(हद्दीचं आम्हांला सांगता?
इथं दुकानाची पाटीसुद्धा
मोजपट्टी लावून रंगवतात.)
दोन दिवस डोळे सुजतील, उघडणारसुद्धा नाहीत.
काळंनिळं गालापर्यंत उतरेल, मग पिवळं पडेल.
उशा दोन. वाकायचं नाही. घागर उचलायची नाही.
दहाव्या दिवशी टाके.
आणि डोक्याचा वरचा भाग बधिर,
महिने, कदाचित कायमचा एखादा तुकडा.
"वय थांबत नाही," त्या म्हणाल्या,
"फक्त थोडं मागून परत निघतं."

नणंद फोनवर म्हणाली, साठीला टेकलीस,
आता कुणाला दाखवायचंय गं कपाळ?
मी म्हटलं, तुला.
तिनं फोन ठेवला.

संमतीपत्राच्या मराठी प्रती संपल्या होत्या.
निंगव्वा सिस्टरनं कन्नडातला कागद धरला
आणि आपल्या मराठीत वाचून दाखवला:
"रक्त येईल, येणार पण नाही.
नस दुखेल, स्वल्पच.
एक भुवई वर, एक खाली, असं झालं तर
डॉक्टरांवर भांडायचं नाही."
मी सही केली.
तिनं जांभळं पेन काढलं, माझी हनुवटी धरली,
आणि बरोबर मधोमध, नाकाच्या वर,
एक उभी रेघ ओढली.

सात वर्षं झाली त्या जागेला काही लागून.
हे गेल्यावर टिकली काढली तेव्हा
खाली एक फिकट गोल निघाला होता,
भिंतीवरनं फोटो काढल्यावर निघतो तसा.
तोही पुसट होत गेला. मी रोज बघायची.
आता तिथं जांभळी शाई, गार, वास स्पिरिटचा,
आणि माझ्या डोळ्यांत पाणी.
निंगव्वाला वाटलं मी भ्याले.
"हणेबरह बदलणार नाही हां, मॅडम," ती म्हणाली,
"हणे तेवढी बदलणार."
मी म्हटलं, होऊ दे.
सटवाईनं गिचमिड लिहून ठेवलंय माझं.
कातडं जरा ताणलं तर
निदान वाचता तरी येईल.

वाचता आलं नाही.
तिसऱ्या दिवशी आरशात होतं ते
सुजलेलं, केळफुलाच्या रंगाचं.
मी आरशावर टॉवेल टाकला.
पाचव्या दिवशी टॉवेल काढला.
डोकं धुतलं तेव्हा बोटांना केस लागत होते,
डोक्याला बोटं लागत नव्हती,
जसं काही मी शेजारणीचे केस धूत होते.

सहा आठवड्यांनी पहिल्यांदा खाज सुटली.
रात्री दोन वाजता, टाळूच्या आत कुठंतरी,
हात पोचणार नाही अशा ठिकाणी.
डॉक्टर म्हणाल्या होत्या, खाज म्हणजे नस जागी होतेय.
मी उठून बसले आणि
एकटीच हसत सुटले.

काल गणपत गल्लीत कुंदा घेताना
दुकानदारानं माझ्याकडं टक लावून बघितलं.
"काय झालं, मॅडम? दचकलात?"
नाही हो, म्हटलं.
अर्धा किलो द्या.